कारणाचा रकाना

५ जानेवारी, रविवार

तात्यांनी जेवायला बोलावलं तेव्हाच ओळखायला हवं होतं. बाबा गेल्यापासून माझे हे थोरले चुलतेच माहेरचे कर्तेधर्ते, आणि बिनकामाचं बोलावणं त्यांच्या स्वभावात नाही. भावकीचं पुस्तक काढायचंय. वंशावळ, फोटो, कोण कुठे नोकरीला. पुढच्या महिन्यातल्या मेळाव्यात घरटी एक वाटायचं.

"तू कॉलेजात आकडंच शिकवतीस न्हवं? मग दोन्ही पात्यांची प्रगती म्हणून एक पान करून दे की."

आमची थोरली पाती, ओढ्यापलीकडची ती धाकटी. एकाच पणजोबांच्या दोन बायकांची लेकरं, असं लहानपणापासून ऐकत आलेय. मी म्हटलं, नुसतं पान कशाला, रीतसर तक्ता करते. शिक्षण, नोकरी, जमीन, मुलींच्या लग्नाचं वय. कुणी सांगितलं होतं? हौस दांडगी. येताना गाडीत हे नुसते हसत होते.

८ जाने., बुध.

फॉर्म छापून आणले. वर्गात पोरांना दरवर्षी सांगते, आधी आकडे, मग कारण. कारणाचा रकाना शेवटपर्यंत कोरा ठेवायचा, नाहीतर आपल्याला हवं तेच दिसायला लागतं. माझ्याही तक्त्यात शेवटचा रकाना 'कारण'. कोरा.

संध्याकाळी आरतीचा फोन. धाकट्या पातीतल्या मारुतीअण्णांची थोरली, पन्हाळा तालुक्यात तलाठी. "आत्ती, हिरवी नेसू का जांभळी?" दोन फेब्रुवारीला तिची सुपारी. मुलगा प्रशांत, माझ्या नणंदेचा, वारणानगरला असतो. स्थळ मीच सुचवलं. आयुष्यात जुळवलेलं पहिलं आणि शेवटचं. (पोरांचं आधीच जुळलं होतं असा मला दाट संशय आहे.) नणंदेच्या नवऱ्यानं, म्हणजे भाऊजींनी, कूळ विचारलं तेव्हा मीच छातीवर हात ठेवून म्हणाले होते, आमचीच भावकी आहे, बघायला नको.

हिरवी सांगितली.

१२ जाने., रवि.

दिवसभर गावात. आधी आमची आळी. प्रत्येक घरात बसवून घेतात, चहा, फोटोंचे अल्बम, कोणाचा मुलगा पुण्याला कुठल्या कंपनीत. एका फॉर्मला पाऊण तास. मग ओढा ओलांडून पलीकडे. तिथे एका फॉर्मला दहा मिनिटं. मारुतीअण्णा अंगणात खुर्ची टाकून म्हणाले, "लिव्ह की बाई. आमच्याकडं लिवण्यासारखं काय हाय? जमीन, तो माळ. नोकरी, आमची आरती. झालं."

मी म्हटलं, अण्णा, असं कसं. तर म्हणाले, "मग काय खोटं लिवतीस व्हय?"

माळ मी पहिल्यांदा नीट पाहिला. चपला घासत चालावं लागतं. आमच्या सगळ्यांची जमीन नदीकाठची, काळी. ओढा एकच, मध्ये पूल आहे, रस्ता आहे, आणि शेहेचाळीस वर्षांत मी तिकडे किती वेळा गेले? लग्नाच्या पत्रिका द्यायला.

परतीच्या एसटीत डोकं भणभणत होतं. उन्हानं असेल.

१३ जाने., सोम.

तक्ता झाला. इतका स्वच्छ फरक मी तीस-तीस पोरांच्या वर्गाच्या मार्कांतही पाहिलेला नाही. शिक्षण, नोकरी, पक्कं घर, प्रत्येक ओळीत आम्ही वर, ते खाली. एकाच गावात, एकाच आडनावात. एक ओळ तेवढी उलटी: अलीकडच्या मुली. त्यांच्या मुली आमच्यापेक्षा जास्त शिकल्यात. जमिनीच्या जिवावर बसून राहता येत नाही म्हणून असेल.

तात्यांना कच्चा तक्ता पाठवला, नुसतं बघायला. लगेच फोन. खूश. "बघ, म्या म्हणत हुतो न्हवं? रगातच तसलं हाय त्यांचं."

रक्त! मी ताडकन म्हटलं, तात्या, पणजोबा एकच की. त्यावर त्यांनी नुसतं "हां हां" केलं आणि फोन ठेवला. त्या हां हां नं जेवण गेलं नाही.

रक्त नव्हे, जमीन. एकाला काळी, एकाला माळ. पण लग्नाच्या दोन बायकांच्या मुलांत अशी वाटणी कोण करतं? जुने फेरफार बघायला हवेत. आरतीला मेसेज केला: तुझ्याच खात्यातलं काम आहे, जमलं तर शोध.

१४ जाने., मंगळ. संक्रांत

तिळगूळ, वाण, बायका. लक्ष नाही. आरती म्हणाली, जुनं सगळं मोडीत आहे, पण रेकॉर्डरूममध्ये एक निवृत्तीला आलेले क्लार्क आहेत, ते वाचून देतात. "काढते आत्ती. मलाबी बघायचंय की, आमचीच वाटणी अशी का."

१७ जाने., शुक्र.

दुपारी आरती थेट स्टाफरूममध्ये. न कळवता. बाहेर चल म्हणाली. पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून कागद दिला. मोडीची झेरॉक्स आणि खाली तिच्याच अक्षरात बाळबोध.

पणजोबांनी माळाचा तो तुकडा तानूबाई हिला चोळीबांगडीसाठी दिला, पुढे तिच्या पोटच्या मुलांकडे. तानूबाई म्हणजे तिची खापरपणजी. नावापुढे नवऱ्याचं नाव नाही. बापाचंही नाही. आमच्या पणजीचं नाव त्याच पानावर वर आहे, पुढे सगळं व्यवस्थित: अमुकची पत्नी.

मी वाचून पुन्हा वाचलं. म्हटलं, लिहायचं राहिलं असेल.

"आत्ती, मी रोज हेच वाचते. लग्नाच्या बायकोला चोळीबांगडीला जमीन कोण देतं? ठेवलेली होती ती."

मग म्हणाली, आता कळलं यात्रेत आमचा नैवेद्य कायम मागनं का. धाकटी पाती म्हणून मागनं असं सांगायचे. रडली नाही. हेल्मेट मांडीवर घेऊन त्याचा पट्टा लावत होती, काढत होती.

मीच सांगितलं तिला शोधायला. मी.

१८ जाने., शनि.

तात्यांकडे गेले. कागद दाखवला. चष्माही लावला नाही.

"म्हायत हाय. माझ्या पिढीत सगळ्यास्नी म्हायत हाय. मारुतीला न्हाय म्हायत व्हय? ती काय लग्नाची न्हवती. पर आमच्या वाडवडलांनी आडनाव दिलं, भावकीत घेतलं. आनि काय पायजे?"

म्हटलं, मग रक्त रक्त काय करता? रक्त तर तुमचंच आहे त्यांच्यात. काळी जमीन नाही मिळाली, एवढाच फरक. तसं स्पष्ट छापू.

"छाप की. आनि त्या पोरीची सोयरीक मोडली तर? तुझी नणंद तुला दारात हुभी करंल?"

आवाज चढला नव्हता त्यांचा. खरोखर विचारत होते. त्याचाच राग येतोय, अजून येतोय.

"आकडं छाप. कारण ऱ्हाऊ दे," म्हणाले.

२० जाने., सोम.

तीन तास शिकवलं, काय शिकवलं देवास ठाऊक. फळ्यावर चुकीचं सूत्र, पोरानं दाखवून दिलं.

यांना सगळं सांगितलं. म्हणाले, तक्ताच काढून टाक. पुस्तकात फोटो भरपूर आहेत. पहिल्यांदा यांचं काहीतरी पटलं. तात्यांना कळवायचं, तक्ता रद्द.

हलकं वाटलं जरा. मटण आणलं.

२१ जाने., मंगळ.

कसलं रद्द. सकाळी भावकीच्या ग्रुपवर तक्ता! तात्यांच्या नातवानं टाकला, मी पाठवला होता तो कच्चाच. आमची नावं, त्यांची नावं, शेजारी शेजारी, आणि शेवटी 'कारण', खाली कोरी जागा. खाली अंगठे, फुलं, "थोरल्यांची मेहनत", "अभिमान आहे". मग आमच्यातल्याच एका शहाण्यानं लिहिलं: "कारण भरा की, आळस!" आणि त्यापुढे हसरी तोंडं. दहा-बारा जण हसले.

मारुतीअण्णांनी नुसते जोडलेले हात टाकले. त्या हातांकडे बघवेना.

माझी ती शिकवण. कारण शेवटपर्यंत कोरं ठेवा. कोरं कुणी ठेवतं का? शेजारून जाणारा कुणीही भरून टाकतो.

ग्रुपवर लिहायला घेतलं. काय लिहू? आळस नाही, म्हणून? मग काय, विचारतील. ते सांगितलं तर ग्रुपात नणंदेच्या गावी राहणारेही दोघं आहेत. नाही सांगितलं तर माणसं आळशी. दोन्हीकडून आरतीच.

काही लिहिलं नाही. भित्री.

२२ जाने., बुध.

नणंदेचा फोन. सुपारीला किती माणसं, जेवण कुठलं. शेवटी हळूच, "वहिनी, आमच्या ह्यांनी विचारलंय, मुलीच्या घरचं तसं काही नाही ना? तुमच्या कुठल्या तक्त्याचं कुणीतरी बोललं." मी म्हटलं, नाही हो. पटकन निघालं तोंडातून. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला माहीत नव्हतं. आज माहीत होतं.

काळ्या जमिनीच्या उसावर मी एम.एस्सी. झाले. बाबा म्हणायचे, पोरगी हुशार आहे. आरतीनं खाजगी शिकवण्या घेत घेत परीक्षा दिली, तिला कुणी हुशार म्हटलं नाही, नशीबवान म्हटलं. तक्त्यात आम्ही दोघी एकेक खूण. नोकरी: आहे. नोकरी: आहे.

२४ जाने., शुक्र.

आरती घरी. ऑफिसातून थेट, जेवली नव्हती. पिठलं-भाकरी टाकली. खाताना म्हणाली, "आत्ती, आमी आळशी व्हय गं?" घरात असली की ती अशीच बोलते, गावातल्यासारखी.

मी म्हटलं, तक्ता पुस्तकातून काढून टाकते, विषय संपला.

"ग्रुपवरनं कसा काढतीस? लोकांच्या डोक्यातनं कसा काढतीस?"

मग मी माझं तयार केलेलं वाक्य वाचून दाखवलं. 'ऐतिहासिक कारणांमुळे धाकट्या पातीच्या वाट्यास हलकी जमीन आली.' दोन दिवस घासत होते ते. कुणाला दुखवत नाही असं.

ऐकून हसली. "हे तलाठ्याच्या उत्तरासारखं हाय. सगळं लिवायचं आनि काय बी सांगायचं न्हाय."

मग गंभीर. म्हणाली, अण्णा आयुष्यभर मागं उभे राहिले, यात्रेत, लग्नात, फोटोत. त्यांना वाटायचं आपणच कमी. "त्यास्नी म्हायत होतं आत्ती, काल विचारलं मी. म्हणाले, तुला कळू नये म्हणून गप्प बसलो. म्हंजे माझ्यासाठी आळशी ठरले ते." आता डोळे भरले. माझेही. सरळ रडलो दोघी, भाकरी तशीच.

तिचं म्हणणं: छाप. नावानिशी छाप. तानूबाईचं नाव वंशावळीत घाल.

मी: आणि प्रशांत?

"त्याला पुस्तकातनं कळू देणार न्हाय. मी सांगणार. त्याच्या बापाला न्हाय, त्याला."

मी म्हटलं, सुपारी होऊन जाऊ दे, मग सांग. आठ दिवसांचा प्रश्न. माझ्या तोंडून हे! ती ताट सारून उठली. म्हणाली, "आत्ती, मग तुझ्यात आनि तात्यांच्यात फरक काय?"

गेल्यावर भांडी आपटत बसले. फरक आहे. आहे ना?

२५ जाने., शनि.

तात्यांचा निरोप: छापखान्याला सोमवारी पानं द्यायची, तुझं एकच अडलंय.

दोन पानं तयार केली. एकात कारण आहे, एकात तक्ताच नाही. पहिलं वाचलं की वाटतं हेच. मग नणंदेचा चेहरा. दुसरं वाचलं की अण्णांचे जोडलेले हात. घरात येरझाऱ्या. हे म्हणाले, पंखा लावू का, तू नुसती फिरतीयस.

संध्याकाळी शेवटी ग्रुपवर एक ओळ टाकलीच: "तक्ता मी केला. तो अपुरा आहे. आळस हे कारण नाही, ते लिहिणाऱ्यानं काढून टाकावं." कुणी अंगठा दिला नाही. त्या शहाण्यानं काढलं मात्र. अण्णांचा फोन आला, म्हणाले, "कशाला बाई, तुला तरास."

२६ जाने., रवि.

सकाळी कॉलेजात झेंडावंदन. तिथेच आरतीचा मेसेज: चार वाजता प्रशांतला रंकाळ्यावर बोलावलंय, कागद घेऊन जातेय. मी लिहिलं, येऊ का मी? नको, म्हणाली.

चारपासून काही सुचत नाही. प्रशांतला मी बारशापासून ओळखते. चांगला मुलगा आहे. पण बापाच्या शब्दाबाहेर गेलेला कधी पाहिला नाही. त्याला एकदा फोन करावा असं दहादा वाटलं. काय सांगणार? मामीनं खोटं सांगितलं होतं एवढंच. ते सांगायलाच हवं, आज नाही तर उद्या, नणंदेला आणि भाऊजींनाही. त्यांनी काय म्हणायचं ते म्हणू देत.

पाच वाजता तात्यांचा फोन. "कुठलं पान पाठवतीस?" म्हटलं, कारण असलेलं, जर पोरीनं आजही हो म्हटलं तर. "आनि न्हाय म्हटलं तर?" तर तुमचं पुस्तक माझ्या पानाशिवाय काढा. शिव्या घालतील असं वाटलं होतं. तर म्हणाले, "तानूबाईचा फोटो हाय माझ्याकडं. आईनं ट्रंकेत ठेवलेला." आणि फोन ठेवला. माझ्या आजीनं? कशासाठी? विचारायचं राहिलं.

साडेपाच. आरतीचा मेसेज, आत्ता आला, तसाच उतरवतेय:

"सांगितलं आत्ती. कागद दोनदा वाचला त्यानं. तेव्हापासून एक शब्द बोलला नाही. पण उठून गेला पण नाही. शेजारीच बसलाय."