सातवा नियम मी काढणार नाही

प्रिय गुंड्या,

ऑफिसात तुला सगळे साहेब म्हणतात, चारचौघांत मीही म्हणते, पण हे पत्र साहेबांना नाही. काल दुपारी तू घरी आलास, आईच्या डोळ्याची चौकशी केलीस, चहा घेतलास, आणि निघताना बुटाची नाडी बांधता बांधता, खाली मान घालून म्हणालास, "ताई, तेवढा तो सातवा नियम काढून टाक ना. सोमवारच्या आत." जसं काही बाल्कनीतला बल्ब बदलायला सांगतोयस! तू जिना उतरून गेलास आणि मग माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून तिथेच आहे. त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

आधी आईचं सांगते, नाहीतर तू तेवढंच शोधत पत्र चाळशील. पट्टी निघाली. आता पलंगावर बसून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचते आणि मला बरोबर आहेत का विचारते. औषधाचे थेंब घालताना डोळा मिटून घेते, लहान मुलासारखी. बाकी ठीक. तू काल नुसता डोकावून गेलास याचं तिला वाईट वाटलंय, पण ती बोलायची नाही.

आता मावशींचं. सोमवारी चौकशी समिती बसणार, आणि सव्वीस वर्षं ऑफिसात लिफ्टच्या तक्रारींचे फोन घेणाऱ्या मावशींना घरी बसवणार, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, पाणी भरणाऱ्यालाही माहीत आहे. त्यांच्या आरोपपत्रात काय लिहिलंय ते मी तीनदा वाचलं. "तक्रारीवर तातडीचा शेरा मारला नाही." गुंड्या, शेरा मारायचा कुठे? कपाळावर? त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तसं बटणच नाही. आपल्या कंपनीत पडदे कशावरून तयार होतात हे मी तुला शिकवायला नको. माझ्या डायग्रामवरून, म्हणजे कशानंतर काय करायचं ते चौकटी-बाणांनी दाखवणाऱ्या चित्रावरून होतात. चित्रात चौकट असेल तर पडद्यावर बटण येतं, चौकट नसेल तर येत नाही. त्या बाईंनी चित्रात होतं तसंच्या तसं केलं, आणि आता चित्र काढणारे, चित्र मंजूर करणारे मागच्या रांगेत बसून मान हलवताहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

झालं काय ते तू समितीपुढे घोळात घालशील, म्हणून मी सरळ लिहिते. अपघात झाला त्या इमारतीतून पहिला फोन आला की तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडतं, पण आत लिफ्टच नसते. मावशींनी पडद्यावरचा पहिला प्रश्न विचारला: आत कोणी अडकलंय का? नाही. मग पुढचा तिरपा चौकोन, म्हणजे पुढचा प्रश्न: देखभालीचा करार चालू आहे का? तो महिन्याभरापूर्वी संपलेला, नव्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. मग बाण गेला सरळ एका चौकटीत, आणि तिच्यावर लिहिलं होतं, "कराराची वाट पाहा." मावशींनी ते बटण दाबलं. दुसरं नव्हतंच. तीन दिवसांनी पुन्हा फोन आला, पडदा म्हणाला, नोंद आहे, प्रतीक्षेत आहे. आठव्या दिवशी तिसरा फोन. पडद्याचं तेच उत्तर. नवव्या दिवशी त्या मजल्यावर राहणारी शिवणकाम करणारी बाई कपड्यांचा गठ्ठा दोन्ही हातांत धरून दारातून आत गेली आणि एक मजला खाली, लिफ्टच्या टपावर पडली. खुबा मोडला. उजवं मनगट तर असं मोडलंय की डॉक्टर म्हणतात कात्री विसरा. मी तिला भेटून आले. तू गेला नाहीस. कंपनीने फुलं पाठवली होती, ती खिडकीत होती. बाई मला विचारत होती, फोन करताना आम्ही काही चुकीचं बोललो का?

डायग्राम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या चौकटीत काही खटकलं नाही, खटकणारही नव्हतं. त्याचे स्वतःचे नियम म्हणजे शाळेतल्या शुद्धलेखनासारखे. बाण कुठे लोंबकळत तर नाही ना, प्रश्नाला दोन फाटे आहेत ना, सुरुवात आहे, शेवट आहे, झालं. कराराच्या चौकटीत एक बाण येत होता, एक बाहेर जात होता. हिरवी खूण! पण बाहेर जाणारा बाण करार झाल्यावरच हलायचा, आणि करार नाहीच झाला तर माणूस तिथे जन्मभर थांबला तरी चित्र बरोबरच. म्हणून तर आपले स्वतःचे नियम लिहावे लागतात. मी अकरा लिहिले. हे तू प्रत्येक सादरीकरणात सांगतोस, "आमच्या विभागाचे अकरा खास नियम", आणि त्या डायग्रामची मोठी छपाई काचेत घालून जिन्याशी लावलीस, खाली सोनेरी अक्षरांत: शून्य चुका. मी रोज तिच्यावरून जाते. परवा मला ती काच फोडावीशी वाटली, खरंच सांगते.

सातवा नियम कुणाचा आहे ठाऊक आहे? माझा नाही. मावशींचा आहे. नियम लिहायच्या आधी मी तीन दिवस त्यांच्या शेजारी कानाला फोन लावून बसले होते. तू तेव्हा हसला होतास, म्हणालास ताई टेलिफोन ऑपरेटर झाली. दुसऱ्या दिवशी मावशी एका नोंदीवर बोट ठेवून म्हणाल्या, "बाई, इथे टाकलं ना, की मला ते परत दिसतच नाही. मग त्या माणसाचं काय होतं हो?" मी जागेवर आले आणि नियम लिहिला. ज्या चौकटीत थांबायचं आहे तिला घड्याळ हवं, आणि वेळ संपली की बाण एका माणसाकडे जायला हवा, हुद्द्यासकट. चूक दाखवणारा संदेशही मी साध्या भाषेत ठेवला: "इथे कोणीतरी थांबलं आहे. किती वेळ? नंतर कोण बघणार?" सॉफ्टवेअरने तपासणी केली आणि हा संदेश एकदम चौदा ठिकाणी आला. चौदा! तेव्हा आपल्याला कळलं की आपण चौदा ठिकाणी लोकांना बसवून ठेवतो आणि विसरतो.

आणि मग सुरू झाली तुमची टोलवाटोलवी. घड्याळाला कुणाची हरकत नव्हती, नावाला होती. वेळ संपली की माझ्याकडे नको, त्यांच्याकडे पाठवा. कराराचा विभाग म्हणे तंत्रज्ञांकडे, तंत्रज्ञ म्हणे कराराकडे. दोन महिने तुम्ही मोठी माणसं गोल टेबलाभोवती बसून उंटावरून शेळ्या हाकत होतात. शेवटी तू काय केलंस? चौदाच्या चौदा इशारे एकदम निवडले आणि "दुर्लक्ष करा" दाबलंस. कारण लिहिल्याशिवाय तो पर्याय चालत नाही, ती सोय मीच केली होती, म्हणून तू कारण लिहिलंस. "नंतर बघू." चौदा नोंदी, एकच मिनिट, दुपारचे चार वाजून दहा, तुझं नाव. त्यातली नववी नोंद म्हणजे कराराची चौकट.

म्हणूनच तुला नियम काढायला हवाय, नाही का? नियम गेला की त्याखालची दुर्लक्षाच्या नोंदींची यादीही जाते, हे तुला मीच एकदा कौतुकाने दाखवलं होतं. सोमवारी समितीने डायग्राम उघडला की कुठे काही डाग नाही, आणि खापर फोडायला मावशी आहेतच. काल तू जे म्हणालास ते माझ्या कानातून जात नाही. "त्यांची नोकरीची दोनच वर्षं राहिलीत, ताई. माझी वीस आहेत." वा रे वा! सव्वीस वर्षं जिने कुणाला "लाइनवर थांबा" असं खेकसून सांगितलं नाही, तिची दोन वर्षं म्हणजे काय सुट्टे पैसे, खिशातून पडले तरी चालतील? तू असा कधी झालास रे? मी तुला हे शिकवलं?

हा प्रश्न लिहिला आणि थांबले, कारण त्याचं उत्तर मला आवडलं नाही. तुला आठवतं, तू दुसरीत असताना तीन दिवस शाळा बुडवून नदीवर गेला होतास? बाईंनी चिठ्ठी मागितली, तू रडत माझ्याकडे आलास, आणि मी बाबांच्या अक्षरात लिहून दिलं, मुलाला ताप होता. अक्षर इतकं हुबेहूब जमलं की मला गंमतच वाटली. बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. तू मात्र तेव्हापासून कुठेही अडकलास की माझ्याकडे येतोस, आणि मीही दार उघडते.

सातवा नियम मी लिहिला तेव्हा तो "चूक" या दर्जाचा होता. चूक म्हणजे ती निस्तरल्याशिवाय डायग्राम पुढे जात नाही, पडदे तयार होत नाहीत, काही होत नाही. सुट्या भागांच्या भांडाराच्या प्रमुखांनी मला किती विनवलं होतं तो सैल करायला, मी त्यांना दारात उभं केलं नाही. आणि मग तू आलास. विभागप्रमुख होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, शुक्रवारी मोठ्या साहेबांना सगळं दाखवायचं होतं, चेहरा पार उतरलेला. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, "ताई, चूक नको, नुसता इशारा कर ना. माझी लाज राख." मी नियमांची यादी उघडली, "चूक" होतं तिथे "इशारा" केलं आणि जतन केलं. चहा निवायच्या आत झालं. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करता येतं, चुकीकडे येत नाही. हा फरक आपल्या कंपनीत माझ्याइतका कुणाला कळत नव्हता. आणि पुढे तुझ्या त्या चौदा नोंदी मी त्याच आठवड्यात पाहिल्या. "नंतर बघू" वाचून मला हसू आलं होतं, गुंड्या. म्हटलं, हा काही सुधारायचा नाही. पान बंद केलं आणि दुसऱ्या कामाला लागले. तुझ्यावर मी पानभर आग पाखडली, ती सगळी खरी आहे, पण त्या बाईच्या मनगटापर्यंत जो रस्ता गेला त्याचं फाटक मी उघडलं होतं, आणि तेही एका परक्या माणसाला "नाही" म्हणून भावाला "हो" म्हटल्यामुळे.

तेव्हा ऐक. नियम जागेवर आहे. आज सकाळी मी त्याला पुन्हा "चूक" केलं, माझ्या नावाने, कारण लिहून. तुझ्या चौदा नोंदींची यादी छापून घेतली आहे. सोमवारी दहा वाजता मी समितीपुढे दोन कागद घेऊन जाणार. पहिल्यावर माझं नाव आहे, "चूक" बदलून "इशारा" केला त्या दिवसाच्या तारखेसह, आणि तो मी आधी ठेवणार. मावशींना मी सांगून आले. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "साहेबांचं काय होईल हो?" दुसरा कागद तुझा. समितीची खोली साडेनऊला उघडते. तू आधी जा, तुझ्या तोंडाने सांग, आणि तो कागद मी पिशवीतून बाहेरसुद्धा काढणार नाही. तू गेला नाहीस तर काढेन, आणि तुझ्या डोळ्यांत बघून काढेन. हे मी काल दारातच सांगायला हवं होतं, किंवा आत्ता फोन उचलून सांगता आलं असतं. फोन मी बंद करून ठेवलाय. उद्या हे पत्र तुझ्या पत्रपेटीत टाकीन आणि वर न येता परत फिरेन. तू समोर उभा राहून एकदा "ताई" म्हणालास की मी काय करते ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

तरीही तुझीच,
ताई