डोया कुठी गेला

बाबा,

आज सकाळी पेपर आला आणि त्याच्या पहिल्या पानावर बातमीच नव्हती. अख्खं पान भरून एक बाई सोन्याचा हार घालून हसत होती. मी नातीला म्हटलं, आतलं पान बाहेर आलं की काय. ती म्हणाली, आजी, आता पहिलं पान असंच विकतात. मग मी त्या पेपरची घडी करून तो दाराच्या कडीला लटकवला, फाटकापर्यंत गेले आणि तुम्ही शिकवलं तशी, न थांबता, चालत परत आले. माझा डोळा हारावर गेलाच नाही. बाईच्या दातांवर गेला. नातीला म्हटलं, हे सोनाराचं दुकान आहे का दातांच्या डॉक्टरचं. ती हसली, पण मला हसू येईना. कारण हे ज्याला सांगावं तो माणूस अकोल्यात वारला त्याला जन्म लोटला, आणि त्याला सांगायचं राहिलं ते या दातांपेक्षा मोठं आहे. मथळ्यातल्या अक्षराचा तुमचा तो एक लाकडी खिळा हरवला, त्यावरून तुम्ही स्वतःच्या डोळ्यांना दोष देत गेलात. त्याबद्दल सांगायचं आहे. आज सांगतेच.

लिहिते आहे नात. मी ‘मले’ म्हटलं की ही ‘मला’ लिहिते, मी ‘डोया’ म्हटलं की ‘डोळा’. म्हटलं, लिही तुझ्या मनासारखं, शिकली आहेस. पण प्रेसमधल्या बोलण्याला, बाबांच्या तर मुळीच, हात लावायचा नाही. त्यांचं बोलणं एकदा दुरुस्त झालं होतं, तेवढं पुरे.

अमरावतीची ती बोळ अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. एका बाजूला प्रेस, समोर सायकलीचं दुकान. आई गेल्यावर घरात आपण दोघंच. मी सोळा-सतराची, लग्न व्हायचं होतं. दुपारी तुमची भाकर घेऊन यायची आणि तिथंच राहून छापलेल्या पेपरांच्या घड्या घालायची. पेपर आठवड्यातून दोनदा निघायचा आणि त्याचं पहिलं पान तुम्ही लावायचे. खिळे जुळवणारे आणखी दोघं होते, पण मोठ्या मथळ्याचे लाकडी खिळे तुमच्याशिवाय कोणी हातात घेत नसे. तुम्ही खिळ्यांच्या खान्याकडे बघतसुद्धा नव्हते. नजर कागदावर, हात आपला आपण जाऊन अक्षर उचलून आणतो. मला वाटायचं, तुमच्या बोटांनाच वाचता येतं.

चारच्या सुमाराला पहिल्या पानाचं ओलं प्रूफ निघतं. तुम्ही त्याची मधोमध घडी करता आणि दारातल्या सुतळीवर टाकता, एसटी स्टँडवरचा विकणारा टाकतो तशी. मी सायकलवाल्याच्या दुकानापाशी जाऊन उभी. तुम्ही हात हलवला की निघायचं. रेंगाळायचं नाही, पावलं मोजायची नाहीत, गाडी सुटायला आलेल्या माणसासारखं चालत यायचं. उंबऱ्याशी आले की तुमचा एकच प्रश्न.

“डोया कुठी गेला?”

मी सांगायची. कधी डाव्या काळ्या चौकटीवर, कधी दोन रकान्यांमधल्या पांढऱ्या जागेवर. तुम्ही वाद घालत नव्हते. चौकट हलायची, रेघ पातळ व्हायची, मी पुन्हा सायकलवाल्याकडे. एकदा कोणा पुढाऱ्याचा फोटो होता. मी म्हटलं, “हा माणूस पेपरातून बाहेर चालला, त्याच्या मांगं माहा डोयाही चालला.” तुम्ही वाकून पाहिलं. खरंच त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं. फोटोचा ठसा काही उलटा करता येत नाही, मग तुम्ही त्याला उचलून दुसऱ्या कडेला बसवलं. आता तो बातमीकडे बघू लागला. तुम्ही म्हणालात, “आता बसला घरात.”

कापसाचे भाव तुम्ही कधी घडीच्या वर येऊ दिले नाहीत. वर नुसतं ‘आजचे भाव’ आणि खाली जाणारा बाण. मी विचारलं, भाव खालीच काहून? “वर छापले तं अंजनगावचा माणूस उभ्या उभ्या वाचते अन् गाडीत बसते. घडी उकलाची असन, तं पेपर हातात घ्या लागते. हातात घेतला, का मंग ठेवाची लाज वाटते.”

संपादक साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण माझं चालणं बघून त्यांना कसंसंच व्हायचं. एकदा म्हणाले, “अहो, ज्या मुलीला अक्षर ओळखता येत नाही तिला विचारून तुम्ही वृत्तपत्राचं पहिलं पान लावता?” तुम्ही शाईचे हात पुसत म्हणालात, “वाचणारा तं घेतेच साहेब, त्याची चिंता नाई. पन चहाच्या हॉटेलात एक वाचते अन् दहा आयकतात. थे दहा म्हणतात, भाऊ, आज हा पेपर घे, याच्यात काई तरी हाये. त्याइचा पाय थांबला पायजे.” मी घड्या घालत होते, पण त्या दिवशी माझी मान अशी ताठ होती की मला वाटलं, आता पेपर आपणच काढतो.

आणि त्या ताठ मानेनंच मी तुम्हाला म्हटलं की मला अक्षरं शिकवा. रोज डोळा जातो तो कशावर जातो, ते तरी कळू द्या. तुम्ही भाकर खात होते. तुमचा आवाज चढलाही नाही.

“नाई. अक्षर आलं का डोया बिघडते. मंग तू आधी वाचशीन अन् मंग पाहशीन. मले वाचणारे लय भेटतात, पाहणारं कोणी भेटत नाई.”

मला हे कौतुक वाटलं आणि टोचलंही. दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता यायचं नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं की निदान एक अक्षर तरी घेईनच.

कोणतं घ्यायचं तेही ठरलं होतं. लाकडी खिळ्यावर सगळी अक्षरं उलटी, कागदावर आली की सुलटी, माझा गोंधळ व्हायचा. एकच असं होतं की लाकडावर बघा नाहीतर कागदावर, दिसायला सारखंच. वर रेघ, खाली दोन वाटोळे, जसे भुवईखाली दोन डोळे. एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, हे कोणतं हो? तुम्ही म्हणालात, “हा डोयातला य.” मग शेजारच्या खान्यातलं दुसरं दाखवलं, तर म्हणालात, “हा यात्रेतला य.” बाबा, तुमच्या तोंडून दोन्ही ‘य’च आले. माझ्या कानाला दोन्ही एकच. मी समजले की एकाच अक्षराचे दोन अंगरखे आहेत, एक साधा आणि एक डोळ्यांचा. साधे चार होते. डोळ्यांचा एकटाच होता.

शनिवारी तुम्ही मशीनवाल्याशी बोलत होते. मी डोळ्यांचा य ओच्यात टाकला आणि त्याचा खाना रिकामा दिसू नये म्हणून तिथं साधा य ठेवला. मला वाटलं, आवाज तोच, बिघडतं काय. घरी नेऊन मिठाच्या मडक्यामागं ठेवला. चुलीतला कोळसा लावून भिंतीवर उमटवला, पुसला, पुन्हा उमटवला. माझी शाळा ती एवढीच.

मंगळवारी साहेब मोर्शीला लग्नाला गेले होते. गावाच्या एका भागात नळाचं पाणी येणार, येणार म्हणून लोक वर्षानुवर्षं ऐकत होते आणि त्या दिवशी ते खरोखर आलं. साहेब मथळा आधीच लिहून गेले होते. तुमचा हात खान्यात गेला, अक्षर घेऊन आला. बारीक मजकूर तपासायला एक गुरुजी यायचे, पण मोठा मथळा तुमचा, तो तपासायची कोणाची छाती नव्हती. प्रूफ सुतळीवर पडलं. मी सायकलवाल्याकडून निघाले आणि उंबऱ्यापाशी आले.

“डोया कुठी गेला?”

मी म्हटलं, “त्या मधल्या शब्दावर. सुटूनच नाही राहिला.”

तुम्ही मागं सरून पाहिलं, मोठ्यानं वाचलंत, “अखेर नय आले,” आणि म्हणालात, “बस. आता हात लावाचा नाई.”

दुसऱ्या दिवशी आठ वाजताच स्टँडवरचा विकणारा प्रेसच्या दारात. “अजून द्या ना पेपर. लोकं हासून राहिले अन् घेऊन राहिले. म्हणतात, आज पेपर पयल्यांदा आपल्या तोंडानं बोलला.” तुम्हाला वाटलं, लोक पाण्याच्या आनंदानं हसताहेत. घड्या झालेले होते-नव्हते तेवढे पेपर दिलेत, बाहेर जाऊन पावशेर पेढे आणलेत आणि पहिला माझ्या हातावर ठेवलात. “तुह्या डोयाचा हाये हा,” म्हणालात. मी तो खाल्ला.

दुपारी साहेब आले. हातात पेपर, तोंड लाल. वाटेत कोणी वकील भेटले होते, त्यांनी नको ते ऐकवलं होतं.

“हे काय छापलंत?”

“काय झालं, साहेब?”

“मथळा वाचा.”

“अखेर नय आले.”

“पुन्हा वाचा.”

“अखेर नय आले. आलेच नं, साहेब. म्या सोता पाणी पाह्यलं.”

“नय म्हणजे काय?”

“नय म्हंजे नय. पाण्याचा.”

त्या दोघा जुळाऱ्यांनी माना खाली घातल्या. साहेबांचाही राग उतरला असावा, कारण ते हळू आवाजात म्हणाले, “ळ कुठे आहे?” तुम्ही पेपर जवळ घेतलात, लांब धरलात. मग खान्याशी गेलात. पहिल्यांदा मी तुम्हाला खान्यात बघताना पाहिलं. तिथं ळ नव्हता. मी चार हातांवर घड्या घालत होते. अर्धं वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. मी घडी घातली, नखानं दाबली, दुसरी घेतली.

साहेबांनी तुम्हाला काढलं नाही. ते म्हणाले, नवा खिळा मागवू, एका मथळ्यानं काही होत नाही. नोकरी तुम्हीच सोडलीत. “खिया हारपला त्याचं काई नाई. पन म्या तीनदा वाचलं अन् मले दिसलं नाई. डोयाच गेला माहा,” म्हणालात. महिन्याभरानं अकोल्याला गेलात, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका लहान प्रेसमध्ये. पुढच्या साली माझं लग्नही अकोल्यातच झालं, म्हणून येता-जाता मला तुम्हाला बघावं लागलं. जो माणूस खान्याकडे बघत नव्हता तो आता एकेका अक्षराखाली बोट ठेवायचा. नवरीचं नाव शेजारच्या पानवाल्याकडून वाचून घ्यायचा. तीन चष्मे बदललेत. डॉक्टर म्हणाले डोळे चांगले आहेत, तर तुम्ही मला म्हणालात, त्या डॉक्टरला काय समजते, त्यानं कधी मथळा लावला? मी हसले. चहा टाकला. आणि प्रत्येक वेळी ठरवलं की पुढच्या खेपेला सांगू. तुम्ही ‘डोया कुठी गेला’ मला पुन्हा कधी विचारलं नाहीत.

तर ऐका आता. तुमचा डोळा चांगला होता. तुम्ही जे बोलत होते तेच वाचलंत, आणि गावानंही तेच वाचून पेपर घेतला. चूक हाताची नव्हती, हाताच्या ओळखीच्या खान्यात मी दुसरंच अक्षर ठेवलं होतं. नातीनं मला समजावलं की य आणि ळ दोन वेगळी अक्षरं आहेत. मी आयुष्यात एकच अक्षर उमटवलं आणि नेमकं तेच माझ्या तोंडात बसत नाही.

खिळा माझ्याजवळच आहे, पानाच्या डब्यात. आज तो काढून नातीच्या शिक्क्याच्या शाईवर दाबला आणि या कागदाच्या खाली उमटवला. बँकेत मी अंगठा देते, तुम्हाला हा देते. नात विचारते, आजी, या पत्राचं आता काय करायचं. घडी घालून डब्यातच ठेव म्हटलं, खिळ्याजवळ.

आणि एक राहिलं, तेही लिही गं. त्या मंगळवारी माझा डोळा मधल्या शब्दावर गेला हे मी खरंच सांगितलं होतं. कशानं गेला ते सांगितलं नाही. माझ्या हातानं ठेवलेला तो साधा य मी लांबूनच ओळखला होता. मी पान पाहिलं नव्हतं, बाबा. मी ते वाचलं होतं.