आईच्या नंबरवरचा कोड

सेडूना, रविवार

ब्रॉन पोरी,

तुझ्या आईच्या जुन्या कॉम्प्युटरनं आज मेल आणणं सोडलं. एवढ्या जुन्या मशीनला यापुढे मेल मिळणार नाही, असं कंपनीनं कळवलंच होतं. मी कुठून कुठून चालेल असा ब्राउझर शोधून घातला, मशीनच्या घड्याळाची बॅटरी मेलेली म्हणून रोज सकाळी तारीख हातानं लावली, तेवढ्यावर इतके दिवस ओढले.

नवा लॅपटॉप मेलचा पासवर्ड मागतो. तो आईनं घातलेला, त्या डबड्यालाच ठाऊक. विसरलो म्हटलं की कोड आईच्या मोबाइलवर जातो. ती गेल्यावर तो नंबर मी बंद केला, आता तो पर्थच्या कुणा बाईकडे आहे.

तिला फोन केला. म्हटलं, "ताई, आत्ता एक कोड आला असेल, तेवढा वाचून दाखवता?"

"आजोबा, या वयात तरी असले धंदे सोडा."

"अहो, नंबर माझ्या बायकोचा होता."

"काल एकाची आई होती, आज तुमची बायको."

आता ती फोन उचलत नाही. तिच्या जागी मीही उचलला नसता.

नवा मेल-पत्ता काढून तुला लिहिलं, तर तुझा मेलबॉक्स अनोळखी मेल घेत नाही म्हणून परत आलं. घरचा पत्ता तू दिलेला नाहीस, म्हणून हे कागदावर नुसतंच लिहितोय. फोन करू नका, मीच लिहीन, असं तू बजावलंयस, आणि दर वर्षी आईच्या वाढदिवसाला चार ओळी लिहितेसही.

वाढदिवस उद्या आहे. तुझं पत्र आईच्या त्या मेलवर पोचेल, मला ते उघडता येणार नाही, आणि तुला वाटेल, यंदा बाबांनी उत्तर दिलं नाही.

बाबा