किडलेलं पान

१२ जून

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

अखेर मला माणसं मिळाली. झाडांवरच्या पुस्तकाचं काम आम्ही चौघं करतो: सर, बाई, मी आणि वयाने सगळ्यांत लहान म्हणून जिला धाकटी म्हणतो ती. मोठं टेबल एकच. चित्र एकीने सुरू करायचं, दुसरीने पुरं करायचं, आणि सरांच्या मजकुरावर आम्हीही खुशाल पेन्सिल चालवायची. सही कुणीच करायची नाही. हे टेबलाचं पुस्तक, असं सर म्हणतात. मी आजारी होते तेव्हा माझ्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. घटस्फोटानंतर मला ‘आम्ही’त धरलं ते यांनीच. हसशील, पण रडू आलं.

लोभ वाढता राहू दे.

तुझी बारकी


२० जून

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने पत्र दोनदा वाचायला लावलं. चार माणसांत रुळलीस, जिवाला बरं वाटलं. पण अगं, कोपऱ्यात बारीकसं नाव टाकत जा. लहानपणी भिंतीवरही सही ठोकायचीस आणि मार मी खायचो. आता कुठून आला एवढा साधेपणा?

तब्येत जप.

दादा


२८ जून

ती. दादास, सा. न.

तू दुकानदार, तुला पाटी लागते. आमच्यात तसं नसतं. वहिनीला नमस्कार.

बारकी


३ मार्च

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

पुस्तक मिळालं. वर तीन नावं आहेत. तुझं नाही, आभारातही नाही. वहिनी म्हणते, छापणाऱ्याची चूक असेल. पण आत किडीने भोक पाडलेल्या एका पानाचं चित्र आहे, ते मी लगेच ओळखलं. लहानपणापासून तुझं एकही पान धड नसतं. सगळ्या शेजाऱ्यांना दाखवलं, हे आमच्या बारकीचं.

उत्तर धाड. काळजी लागली आहे.

दादा


११ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

चूक नाही. मी सरांना विचारलं. म्हणाले, सही नाही, मग तुमचं नेमकं कुठलं ते कसं सांगणार? त्या दोघींना नोकरीसाठी नाव लागतं, तुम्ही तर घरच्याच. बाई पेन्सिलीला टोक काढत राहिल्या. धाकटीने मला चहा आणून दिला, त्याचाच जास्त राग आला.

आणि दादा, ते पान माझं नाही. धाकटीने काढलंय. भोकाची कड रंगाने कशी करपवायची ते मीच तिचा हात धरून शिकवलं. शेजाऱ्यांना मात्र काही सांगू नकोस.

सोमवारी दुसऱ्या भागाचं काम सुरू होतंय. खुर्ची ठेवली आहे म्हणाले. मी जाणार आहे. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण दुसरीकडे कुठे जाऊ तेही सांग.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी बारकी