लाल दिव्यावरची काळी पट्टी

११ मार्च, शनिवार
निर्णय झाला. वेंडेलिनकाकांच्या मोटारसायकलचे सगळे दिवे एलईडी करून देणार. मी स्वतः. फुकट. शेजारधर्म.

काकांचं वय सत्त्याहत्तर, गाडीचं चाळीस. तक्रार एकच, बॅटरी दमते. दमणारच! कायद्याने भर दुपारीसुद्धा हेडलाइट पेटता ठेवायचा आणि डायनॅमो जुन्या जमान्यातला. आवक कमी, जावक जास्त. एलईडी लावले की जावक एकदम खाली. हे कळायला लिफ्टदुरुस्तीत इलेक्ट्रिशियन म्हणून एकोणतीस वर्षं काढावी लागतात.

काका दर गुरुवारी घाट ओलांडून बहिणीला भेटायला जातात. रोझालिया पलीकडच्या वृद्धाश्रमात आहे. तिला आता कुणीच ओळखू येत नाही, काकासुद्धा. तरी जातात. जाऊनयेऊन नव्वद किलोमीटर. अशा माणसाच्या वाटेवर उजेड पाडणं म्हणजे पुण्यच.

१२ मार्च, रविवार
चर्चमधून निघताना पाच जणांना सांगितलं. बायको म्हणाली, आधी करा, मग सांगा. ओतिलियाला नियोजन कळत नाही.

१८ मार्च, शनिवार
बल्बचा सेट आला. काकांची एक अट: मीटरमधल्या छोट्या लाल दिव्याला, चार्जिंगच्या, हात लावायचा नाही. का? तर त्यांचा जुना मेकॅनिक मरताना सांगून गेला. मरताना माणूस काहीही सांगतो. बरं म्हणालो.

सायं. ५. सगळं बसवून झालं. एक बल्ब उरला. लाल.

सायं. ५.२०. पैसे मोजून घेतलेली वस्तू टाकून कशी द्यायची? बसवला. काकांना सांगण्यासारखं काही नाही.

१९ मार्च, रविवार
किरकोळ बाब. पूर्वी इंजिन चालू झालं की लाल दिवा विझायचा. आता विझत नाही. अर्धा तास विचार करून निष्कर्ष काढला: एलईडी फार संवेदनशील असतो, उगाचच पेटतो. वर काळी चिकटपट्टी लावली. काकांना म्हटलं, डोळ्यांवर येतो हो. काका म्हणाले, तू इलेक्ट्रिशियन, तुला कळतं.

मला कळतं.

२५ मार्च, शनिवार
चाचणी. चाचणीआधी घाट नको म्हणून या गुरुवारी काकांना बसने पाठवलं होतं. आज बेकरीपर्यंत आणि परत. दिवे झकास. बॅटरी जराशी उतरल्यासारखी वाटली म्हणून माझ्या चार्जरला लावून भरली. तोही चाचणीचाच भाग. निकाल: उत्तम.

३० मार्च, गुरुवार
दुपारी काकांचा फोन. परत येताना गाडी घाटात बंद. पोचलो तर काका कठड्यावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेले. बॅटरी ठार. काकांनी विचारलं, ब्लाझेय, हे कसं रे झालं? उचलली जीभ, लावली टाळ्याला: म्हणालो, तिकडे आश्रमात किल्ली चालू राहिली असेल तुमच्याकडून.

काकांनी किल्ली काढून खिशात घातली. मग म्हणाले, रोझालियाचंही किल्ल्यांपासूनच सुरू झालं होतं.

राहिलीही असेल म्हणा. सत्त्याहत्तर वय म्हणजे काही कमी नाही.

६ एप्रिल, गुरुवार
पुन्हा घाट. मी चार्जरवर भरून दिलेली बॅटरी पुन्हा ठार. या खेपेला काकांनी तळहातावर पेनने लिहून नेलं होतं, किल्ली काढ. काढलीच होती म्हणाले. मग म्हणाले, निदान काढल्यासारखं आठवतंय, पण रोझालियालाही पुष्कळ काय काय आठवायचं.

मी बॅटरीला शिव्या घातल्या. काका म्हणाले, तिला कशाला बोलतोस, तिची काय चूक.

७ एप्रिल, शुक्रवार
गाडीची पुस्तिका उघडली. (पुस्तिका नवशिक्यांसाठी असते असं माझं मत होतं.) पान ४१, चौकटीत, ठळक अक्षरांत: चार्जिंगच्या दिव्याचा बल्ब बदलू नये. त्याच्यातून जाणारा करंटच डायनॅमोला जागं करतो. एलईडीतून जेमतेम थेंबभर करंट जातो. तेवढ्याने तो जागा होत नाही.

म्हणजे डायनॅमो तीन आठवडे झोपलेला. गाडी नुसत्या बॅटरीवर चाललेली, बॅटरीत भर शून्य. एक लाल दिवा तेवढा बिचारा कोकलून सांगत होता, त्याच्या तोंडावर मी पट्टी मारली.

लाज वाटली. इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. फार लाज वाटली.

निश्चय: उद्या काकांना सगळं सांगायचं.

८ एप्रिल, शनिवार
सणाच्या दिवसांत असले विषय काढू नयेत.

काका चर्चला गेल्यावर त्यांच्या शेडमध्ये गेलो. जुना बल्ब परत बसवला. पट्टी सोलली, गोंद स्पिरिटने पुसला. लाल एलईडी ओढ्यात फेकला. किक मारली, लाल दिवा आज्ञाधारकपणे विझला. चार्जिंग फर्स्ट क्लास! एलईडीचे दिवे आणि जुना लाल बल्ब, असा समतोल साधायला हवा होता. साधला. आता गाडी चालतेय तर सांगायचं काय उरलं?

१० एप्रिल, ईस्टर सोमवार
आज पुरुषांनी घरोघरी जाऊन बायकांवर पाणी ओतायचं, ही इथली रीत. काका यंदा बाहेर पडलेच नाहीत. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. ओतिलिया दुपारपर्यंत कोरडी राहिली आणि माझ्यावर चिडली. म्हणाली, म्हाताऱ्याला झालंय तरी काय? मला काय माहीत, म्हणालो.

मग स्वतःच गेलो. काकांना म्हटलं, गाडी एकदम ठणठणीत आहे, गुरुवारी जा बिनधास्त. काका म्हणाले, गाडी ठणठणीतच होती रे. डोकं नाहीये. स्वयंपाकघरात जागोजागी चिठ्ठ्या: गॅस, नळ, दार. हस्ताक्षर मात्र सुंदर.

सांगणारच होतो. पण त्यांनी माझ्यापुढे केक ठेवला. केक खाता खाता कसं सांगणार?

२४ एप्रिल, सोमवार
काल चर्चसमोर मोटारसायकलींना आशीर्वाद; हिवाळा संपून गाड्या बाहेर निघाल्या की दरवर्षी असतो. काका आले नाहीत. फादर सगळ्यांदेखत म्हणाले, वेंडेलिनच्या गाडीचे दिवे ज्याने बदलले तो हा आपला ब्लाझेय, असे शेजारी मिळायला भाग्य लागतं. टाळ्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

निश्चय: ३ मे रोजी काकांना स्मरणशक्तीच्या तपासणीला शहरात डॉक्टरकडे मीच नेणार आहे. माझ्या मोटारीत चाळीस मिनिटं मिळतात. तेव्हा.

३ मे, बुधवार
जाताना काका डॉक्टर विचारतील त्या प्रश्नांची उजळणी करत होते. वार, तारीख, शंभरातून सात वजा. मध्येच तोंड घालणं बरं दिसलं नसतं.

आत डॉक्टरीणबाईंनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. काकांनी इतक्या घाईने काढलं की काटे वर्तुळाबाहेर गेले. मग बाईंनी मला विचारलं, तुम्ही रोज बघता, विसरण्याचं एखादं ठळक उदाहरण? काका माझ्याकडे बघत होते. नाही म्हण, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आता कबूल करायचं म्हणजे मी महिनाभर गप्प का होतो तेही सांगावं लागणार, तेही परक्या बाईसमोर. मी म्हणालो, दोनदा किल्ली चालू राहिली.

बाईंनी लिहून घेतलं. निकाल: सहा महिन्यांनी पुन्हा या, तोवर दुचाकी बंद. काका म्हणाले, तोवर कशाला, कायमचीच. तिथूनच पोलिसांच्या ऑफिसात गेले आणि लायसन्स देऊन आले. परतीच्या वाटेवर ते झोपले होते. झोपलेल्या माणसाला काय सांगणार?

मी नीच माणूस आहे.

११ मे, गुरुवार
सकाळी ७. सांगितलं! सगळं. एलईडी, पट्टी, पान ४१, ओढा, डॉक्टर. रडलोसुद्धा. म्हटलं, काका, तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही, जे झालं ते मी केलं.

काकांनी शांतपणे ऐकलं. मग मला शेडमध्ये नेलं आणि किल्ली फिरवली. लाल बल्ब जुनाच. किक मारली, विझला. म्हणाले, हा बघ. मी तुला हात लावू नको म्हटलं होतं आणि तू लावला नाहीस, एवढं मला अजून आठवतं. एकोणतीस वर्षं मुरलेला इलेक्ट्रिशियन असलं शेंबड्या पोरासारखं काम करेल होय? मी म्हटलं, पट्टी तरी आठवत असेल ना तुम्हाला, काळी? काकांनी मीटरवरून बोट फिरवलं. काच लख्ख. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, तेच तर. मलाही ती पट्टी आठवते. आणि ती इथे नाहीये.

मग त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. म्हणाले, म्हाताऱ्याचं मन राखायला स्वतःवर आळ घेतोस, असा माणूस मी पाहिला नाही. पण मला खोटा धीर नको देऊस.

७.४०. घाटापलीकडे जाणारी बस. स्टॉपवर चार बायका होत्या. काकांनी चौघींना ही हकीकत सांगितली. एकीने डोळे पुसले. मी म्हणालो, अहो, ते खरं आहे. ती म्हणाली, किती गुणी आहात हो तुम्ही.

बस आली. काकांची पिशवी मी वर चढवून दिली.