दुसऱ्यांदा ओलं झालेलं फडकं

मी, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाची मालकीण, वय वर्षं एकाहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने आणि दोन कप कॉफी पोटात गेल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. आजवर कोणाची तशी छाती झाली नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. डॉक्टर कान-नाक-घशाचे का, ते पुढे कळेल. वकिलांनी आवश्यक तेवढंच लिहा अशी सूचना केली होती. ती मी ऐकून घेतली.

एक. सासूबाईंनी मला घातलेल्या चार सोन्याच्या बांगड्या माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, द्याव्यात. त्या त्यांच्या आईच्या आहेत. माझ्या हातात त्या पाहताना वन्संचा चेहरा कसा उतरायचा, हे मी पंचेचाळीस वर्षं बघत आले आणि मला वाईट वाटायचं. आधीच द्यायला हव्या होत्या, पण मीही काही कमी हट्टी नाही.

दोन. भोपळ्याच्या सिरपची कृतीही वन्संनाच. माझ्या यजमानांना कोणाला नाही म्हणता यायचं नाही. एकदा भाजीवाल्याचे उरलेले सगळेच्या सगळे लाल भोपळे ते दुकानात घेऊन आले. कॉफीच्या दुकानात भोपळे! मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी एक भोपळा वाफवला, त्याचा गर साखरेच्या पाण्यात शिजवला, त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ आणि जराशी लवंग घातली, गाळलं आणि कॉफीत दोन चमचे ओतलं. वन्सं तेव्हा माहेरी आल्या होत्या. एक घोट घेऊन म्हणाल्या, हे आजाऱ्याचं पथ्य दिसतंय. पुढे लोक कॉफीतच नाही तर गरम दुधात आणि थंड सोड्यातही तेच मागू लागले, तशा वन्सं जगभर सांगत सुटल्या की कृती मुळात त्यांची. तर घ्या. तीन पानांवर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवली आहे, काहीही लपवलेलं नाही. गाळताना फडकं पिळायचं नाही, टांगून ठेवायचं आणि वाट बघायची, नाहीतर गर उतरून सिरप गढूळ होतं, हे तिसऱ्या पानावर ठळक लिहिलं आहे. वन्सं पिळणार, मला खात्री आहे.

तीन. दारातलं बाकडं शेजारच्या शिंपीमास्तरांना द्यायचं होतं. पण मास्तर साक्षीला येणार, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असं वकील म्हणतात. म्हणून बाकडं दुकानाचंच राहील. मास्तरांनी त्यावर बसून राहावं, तसेही ते उठत नाहीत.

चार. दुकान, वरच्या दोन खोल्या, बँकेत असेल ते आणि जाड बुडाचं पातेलं, हे सगळं माझ्या धाकट्या जावेला. सगळं माझ्या एकटीच्या नावावर आहे, तिच्या नावावर एक चमचासुद्धा नाही. दीर गेल्यापासून ती माझ्या जोडीने राबते आहे, आणि मी डोळे मिटले की वन्सं पहिलं तिलाच विचारतील, तू इथे कोण? त्याचं उत्तर पुढे आहे.

तीन वर्षांपूर्वी तापातून उठले आणि माझा वास गेला. पार गेला. माझे मसाल्याचे डबे सगळे सारखे, एकावरही चिठ्ठी नाही. धाकटी म्हणायची, नावं लिहू या. मी म्हणायचे, इथे नाकावर काम चालतं, वाचायचं असेल तिने वाचनालयात जावं. आता दालचिनीची पूड आणि लवंगेची पूड मला सारखीच. डॉक्टरांशिवाय कोणाजवळ बोलले नाही. अंदाजाने टाकत गेले, आणि गिऱ्हाइकं म्हणत राहिली, बाई, तुमचा हात अजून तसाच आहे. मी फुगून जायचे.

एका दुपारी झोप लागेना, म्हणून चार वाजता खाली आले. दोरीवरचं गाळायचं फडकं ओलं होतं. अकरा वाजता मी स्वतः धुऊन कडक उन्हात वाळत घातलेलं. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला मी जिन्यातून डोकावले. धाकटीने माझ्या बाटलीतलं चमचाभर चाखलं, आणि तिचं तोंड बघूनच मला कळलं की लवंग कुठे गेली ते. तिने अकराच्या अकरा बाटल्या मोरीत ओतल्या आणि नवं पातेलं चढवलं.

मी काय केलं? गुपचूप वर जाऊन झोपले. लाज वाटत होती हो. महिन्याभराने डब्यांना दोरे बांधलेले दिसले, दालचिनीला पांढरा, लवंगेला लाल. विचारलं तर म्हणाली, झाकणं घट्ट बसावीत म्हणून. ते दोरे मी सोडून फेकले. हा माझा गुन्हा, कबूल. ती मात्र तीन वर्षांत अवाक्षर बोलली नाही. माझं कौतुक चालू असताना ती कप विसळत असते.

सबब मी जाहीर करते की ज्या सिरपसाठी लोक येतात ते माझं नाही, तिचं आहे. पाटीवर तिचं नाव लिहावं. ती कोण असं जो विचारेल त्याला हा कागद दाखवावा.

इथवर सकाळी लिहून झालं होतं. डॉक्टर आले होते, मास्तरांचा पत्ता नव्हता. धाकटी कॉफी घेऊन आली आणि हात पुसत म्हणाली, मास्तर कशाला हवेत, मीच करते सही. वकील चटकन बोलून गेले की ज्यांना मिळायचं आहे त्यांची सही चालत नाही. तिने आधी वकिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मी कागद तिच्यापुढे धरला. फडक्यापर्यंत वाचून ती साखरेच्या पोत्यावर बसली.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग अकरा बाटल्या कशाला करायच्या? पाच केल्या असत्या. ओतून ओतून माझे खांदे गेले."

ती हसली आणि रडली, मीही. डॉक्टर कॉफी पीत राहिले. मग तिने अटी घातल्या: पाटीवर दोघींचं नाव, आणि डब्यांवर चिठ्ठ्या. म्हणून वर "तिचं नाव" आहे तिथे "दोघींचं नाव" वाचावं, असं मी समासात लिहिलं आहे. वकिलांनी कपाळाला हात लावला, तरी तिथे माझी छोटी सही आहे. शेवटची अट तिने माझं मनगट धरून सांगितली.

"दुपारी झोपायचं सोंग बंद. पातेल्यापाशी बसायचं. वास मी सांगेन."

पाच. ही अट मला मान्य आहे आणि ती मरेपर्यंत वाट न बघता आजच लागू झाली. मी स्टुलावर बसले. ती ढवळत सांगत गेली, आता दालचिनी वर आली, आता सुंठ, जायफळ अजून मागे आहे. मला वास काही आला नाही, पण सगळं समजलं. मास्तर चारला उगवले, डॉक्टर दवाखाना उरकून परत आले. तोवर दोरीवरचं फडकं कोरडं झालं होतं.

सही : मालकीण, अर्ध्या पाटीची

साक्षीदार :
१. शिंपीमास्तर. काही मिळणार नाही हे समजून सही केली.
२. डॉक्टर, कान-नाक-घसा. डोकं उत्तम, नाक शून्य.

स्थळ : दुकानाची मागची खोली
दिनांक : चौदा ऑक्टोबर दोन हजार चोवीस