जाळीमागचा हात

प्रिय ताई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, रागावू नकोस. रोज कागद घेऊन बसत होतो आणि काही न लिहिता उठत होतो. फोन केला असता, पण आपला छपाईचा कारखाना म्हणजे एकच खोली आणि पलीकडे मोरी. मी तुझ्याशी बोलायला लागलो की धाकटी मागून ओरडते, "ताई, आज बाबांना कशाची भीती वाटतेय ते आधी विचार गं!" मग तू तिकडे हसतेस, ती इकडे हसते आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून हे पत्र. माझी शाळा अर्ध्यावर सुटली हे तुला ठाऊक आहे, तेव्हा चुकलेलं सुधारून वाच.

मी घाबरट आहे, ते मला मान्य आहे. गॅस बंद केला तरी पुन्हा जाऊन बघतो. शिडीवर कुणी चढलं की खाली उभा राहून शिडीपेक्षा मीच जास्त हलतो. तुमच्या आईने माझं नाव 'सायरन' ठेवलं होतं, आणि तुम्ही दोघी तेच घेऊन बसलात. पण ताई, ही भीती त्या भीतींपैकी नाही. मला धाकटीच्या डाव्या हाताची भीती वाटते आहे.

आई गेल्यापासून फ्रेम धुण्याचं काम धाकटीच करते. तुला इथून जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ते काम तू विसरली नसशील. छपाई संपली की जाळीवरचा रंग पुसायचा, औषध लावून जुन्या चित्राचा थर मऊ करायचा आणि घासघासून पाण्याने काढून टाकायचा. मग तीच जाळी पुढच्या चित्राला उपयोगी पडते. आता कामं वाढली आहेत. धुवायच्या फ्रेमा दारापर्यंत टेकून ठेवलेल्या असतात, पाणी प्यायला जायचं तर आडवं होऊन जावं लागतं. घासून घासून धाकटीचं मनगट सुजलं आहे. तुला सांगत नाही ती, पण चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. शिवाय कितीही घासलं तरी जुन्या चित्राची सावली जाळीत राहते. मागे बेकरीच्या पिशव्या छापल्या, तर पावाच्या मागे आधी छापलेल्या शाळेच्या चिन्हातला घोडा अंधूक दिसायला लागला. बेकरीवाला पिशवी उजेडात धरून म्हणाला, "माझ्या पावात घोडा कुठून आला?" धाकटी त्याच्यासमोर हसली, पण तो गेल्यावर मोरीत जाऊन तीच जाळी पुन्हा घासत बसली. त्याच दिवशी तिने ठरवलं, जोरात पाणी मारणारं मशीन घ्यायचं.

मीही गेलो दुकानात. जुनी एक फ्रेम काखेत मारून नेली होती. दुकानदाराने आधी चाकांवरचं थोरलं मशीन पुढे ढकललं. म्हणाला, "आजोबा, हे घ्या, नातवंडंसुद्धा वापरतील." धाकटी म्हणाली, "आधी जावई दाखवा, मग नातवंडांचं बघू." दुकानदार लाजला बिचारा. त्याने मागच्या अंगणात फ्रेम भिंतीला टेकवली, नळीच्या टोकाला बारीक तोंड बसवलं आणि पिस्तुलासारखा तो दांडा उचलून दाबला. टर्रकन जाळी फाटली, आणि मागच्या भिंतीचा रंगही निघून गेला! पाण्याने, ताई. नुसत्या पाण्याने.

मग मी लहान मशीन काढायला लावलं. त्याला पंख्यासारखं पसरट पाणी सोडणारं तोंड लावलं, हातभर लांबून मारलं, तर फ्रेमच्या उरलेल्या अर्ध्या भागावरचा थर दुधावरची साय सरकावी तसा सरकला. सावलीसुद्धा गेली. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. आपल्या जाळीला एवढाच जोर पुरे. थोरलं मशीन फरशा आणि गाड्या धुणाऱ्यांना. मी विचारलं, ओल्या जमिनीवर करंट येईल का, अर्थिंग नसेल तर काय, पाणी संपलं आणि मशीन चालूच राहिलं तर काय. धाकटी कपाळाला हात लावून उभी होती. पण शेवटी म्हणाली, "बरं, लहानच घेऊ. बारीक तोंड इथंच राहू द्या, नाहीतर बाबा जेवणार नाहीत." मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

आणि मग ते झालं. दुकानदार म्हणाला, मॅडम, तुम्ही मारून बघा. तिने उजव्या हातात दांडा घेतला आणि डावा हात आपोआप जाळीच्या मागे गेला. तळवा पसरून, अगदी जाळीला लावून. दुकानदाराने झडप घालून दांडा खाली दाबला. "मॅडम, हात!" पाणी जमिनीवर आपटलं आणि माती आमच्या तोंडावर उडाली. धाकटी चेहरा पुसत हसली. "सवय आहे हो," म्हणाली. तोही हसला आणि बिल करायला आत गेला. मी तिथंच उभा.

तो हात कुणाचा आहे ते तुला कळलं असेल. नव्या जाळीवर चित्र उघडताना, म्हणजे चित्रापुरता थर धुऊन जाळी मोकळी करताना, आई नळाखाली फ्रेम धरायची आणि मागे तळवा लावायची. मोरीत उजेड कमी, त्यात तिची नजर अधू. जिथून पाणी तळव्याला लागलं तिथे चित्र उघडलं, एवढं तिला स्पर्शाने कळायचं. सगळं उघडलं की ती आतून हाक मारायची, "उजाडलं!" तुम्हा दोघींना तिने तसंच शिकवलं. नळाच्या पाण्याला ते बरोबरच होतं. पण हे पाणी जाळीतून निघून तळव्यात शिरेल, आणि सोबत ते औषधही. तूच मागे जेवताना सांगितलं होतंस, तुमच्या दवाखान्यात एक रंगारी आला होता. रंगाच्या फवाऱ्याने बोटाला टाचणी टोचावी एवढंच भोक. रक्त नाही, दुखणं नाही. हसत घरी गेला आणि परत आला तेव्हा बोट काढावं लागलं. मी ताट बाजूला सारलं होतं आणि तुम्ही मला हसला होतात. तो रंगारी आता रोज माझ्या डोळ्यांपुढे येतो, आणि त्याला धाकटीचा हात असतो.

मी तिला सांगितलं. म्हणाली, "कळलं बाबा, मी काय लहान आहे?" दुसऱ्या दिवशी नळावर बघतो तर हात मागे. मी म्हटलं, हात! तिने काढला. पुढच्या फ्रेमला पुन्हा तिथंच. तिला कळतही नाही गं तो कधी जातो ते. मग माझा तोल सुटला. मी ओरडलो, "सोड आता ते आईचं!" तिने फ्रेम खाली ठेवली. हळूच म्हणाली, "आईचं म्हणून एवढंच तर आहे माझ्याकडे."

सुताराला मी एक घोडी करायला सांगितली आहे. मागे जाड फळी, फ्रेम तिच्यावर अडकवायची, म्हणजे हाताला मागे जायला जागाच नाही. तो म्हणतो, "करू की काका, घाई काय आहे?" सगळ्यांना वाटतं घाई फक्त मला असते.

आता खरं कारण लिहितो. मशीन येऊन पडलं आहे. धाकटी बाहेर गेली होती तेव्हा पेटी आली, ती मीच उघडली आणि पाणी मारायचा तो दांडा काढून माझ्या ट्रंकेत रजईत गुंडाळून ठेवला. धाकटीला वाटतं दुकानदाराने सामान कमी पाठवलं. ती त्याला फोनवर वाटेल ते बोलते, तो शपथा घेतो आणि मी शेजारी बसून फ्रेमा पुसतो. त्याचा माणूस नवीन दांडा घेऊन येणार आहे. एकदा तो आला की माझ्या हातात काही राहत नाही. माझं ती ऐकणार नाही, आणि आता चोरी कळली तर कधीच ऐकणार नाही. पण तू नर्स आहेस, तुझं ऐकेल. एक दिवसाची रजा काढून ये. पहिल्यांदा मशीन चालू होईल तेव्हा तिच्या डाव्या बाजूला उभी राहा आणि तिचा तो हात तुझ्या हातात धरून ठेव. मी धरला तर ती झिडकारेल. येणं जमत नसेल तर तसं कळव, पण लवकर कळव. हो किंवा नाही, एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

तुझाच,
बाबा